उठून गेलेल्याला हाक नाही

“एकही माणूस ‘नाही’ म्हणाला नाही, तर त्यात वाईट काय, बाबा?”

 रोशनशा फकीर बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.

“मी काहीतरी विचारलं, बाबा.”

“आलं ऐकू,” फकीर म्हणाला. “चहा गरम हाय.”

विचारणारी होती निलांबरी बोरीकर. कासारखेड्याच्या पोस्टमास्तरांची लेक. गावातून शिकायला म्हणून बाहेर पडली ती थेट आभाळात यानं सोडणाऱ्या संस्थेत जाऊन बसली. पोरगी हुशार होती. आपण हुशार आहोत हेही तिला ठाऊक होतं, आणि ते जरा जास्तच ठाऊक होतं.

आणि हा रोशनशाचा तकिया. गावाबाहेर एक चिंच, चिंचेखाली त्याच्या उस्तादाची मजार, मजारीशेजारी एक खोली आणि दगडी ओटा. दर गुरुवारी दुपार कलली की फकीर त्या ओट्यावर बसून दास्तान सांगे. जिन, उडती शहरं, माणसासारखे बोलणारे डोंगर, सात आभाळं. गावातले सगळ्या जातीधर्माचे लोक येत, कुणी पाठ टेकायला, कुणी ऐकायला.

लहानपणी निलांबरी सगळ्यात पुढं बसायची. “मग?” आणि “कामून?” या दोन शब्दांनी तिनं फकिराला पार भंडावून सोडलं होतं.

त्याच्या दास्तानींत एक मुक्या ताऱ्याची होती. रात्री सगळे तारे आपसात बोलत. एकच बोलत नसे. कुंभाराची पोर म्हणाली, मी रांजणात बसून वर जाते, अन् विचारते त्याला, की बाबा रे, तुला झालं काय. ती दास्तान ऐकली त्या दिवसापासून पोस्टमास्तरांची लेक जमिनीवर राहिली नाही. तिनं स्वतःच हे साऱ्या गावाला सांगितलं होतं.

आज ती पुष्कळ वर्षांनी आली होती, आणि रिकाम्या हातानं परत जायला आली नव्हती.

तिच्या संस्थेनं शनीच्या एका चंद्राकडे यान पाठवलं होतं. ते अर्ध्या वाटेत मुकं झालं. हाका मारून मारून सगळे थकले, यानानं ओ दिली नाही. लोक पोट धरून हसले. शनीला आपणहून कोण आमंत्रण देतं, म्हणाले, घ्या आता साडेसाती! दुसरं यान तयार उभं होतं. पण वरून हुकूम आला की आधी लोकांचा कौल घ्या. येत्या रविवारी जो तो आपापल्या फोनवरून ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणार होता. ‘नाही’ जास्त भरले, तर ते यान उडायच्या आधीच खोलून त्याचे सुटे भाग कपाटात जाणार होते. निलांबरीनं त्या यानाला अख्खं तारुण्य दिलं होतं.

म्हणून तिनं एक यंत्र घडवलं. तळहाताएवढी डबी, तिला एक डोळा. डबी समोरच्या माणसाचा चेहरा वाचायची, त्याचा श्वास ऐकायची, आणि त्या माणसाला जशी हवी तशी अद्भुत गोष्ट तिथल्या तिथं रचून सांगायची. गोष्ट संपली की विचारायची, पाठवायचं ना यान? रविवारी हीच डबी फोनाफोनांतून घराघरांत बोलणार होती.

आजवर डबीनं ज्यांना ज्यांना गोष्ट ऐकवली, त्यांतला एकही ‘नाही’ म्हणाला नव्हता. आणि सगळ्यात जास्त चालली होती ती मुक्या ताऱ्याची दास्तान. निलांबरीनं ती आठवून आठवून यंत्राला शिकवली होती.

पण तकियाचा नियम असा, की दास्तान ज्याच्याकडून घेतली त्याच्या इजाजतीशिवाय ती बाहेर सांगायची नाही. न विचारता सांगितली असती तर कासारखेड्यातला फकीर तिचं काय वाकडं करणार होता? तरी ती आली. बाईची मान ताठ होती, मन खोटं नव्हतं.

“बाबा, मला फक्त इजाजत द्या.”

फकिरानं बशी संपवली.

“आधी ऐकव तर,” तो म्हणाला.

त्या दिवशी ओट्यावर आणखी दोघं होती. एक गयाबाई, मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. दुसरे व्यंकटराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर. जन्मभर लोकांना ‘जागा नाही’ सांगून सांगून त्यांच्या जिभेला तेच वळण पडलं होतं. यानाचं नाव निघताच ते म्हणाले होते, “भिकेचे डोहाळे! आमच्या नळाला पाणी नाही अन् हे निघाले शनीला.”

निलांबरीनं डबी ओट्यावर ठेवली. डबीनं डोळा उघडला आणि सुरुवात केली.

काय सांगावं! आवाज रोशनशाचा, पण तरणा. सात आभाळं एकामागून एक अशी उघडत गेली की चिंच होती कुठं आणि ओटा होता कुठं. गयाबाईचे हात सुपातच थांबले. व्यंकटरावांचं तोंड उघडं राहिलं ते मिटायचं विसरलं. कुंभाराच्या पोरीच्या रांजणात बसून ते तर तिच्याही आधी वर पोचले होते.

गोष्ट पोरीच्या घर सोडण्यापाशी आली, तसा रोशनशा उठला.

काठी घेऊन तो खाली उतरला आणि विहिरीच्या वाटेला लागला. 

डबीनं डोळा वळवला. फकीर जाता जाता मजारीकडे पाहून गेला होता. तेवढं तिला पुरलं. आवाज खाली आला. गोष्टीत कुठूनसा एक म्हातारा उस्ताद शिरला, खोकत, कमरेत वाकलेला. तो तिसऱ्या आभाळाच्या दारात बसला होता, आणि शागीर्दाला म्हणत होता, “असा अर्ध्यातून कुठं चाललास, बेटा? मी अजून बसलोय ना…”

फकिराची काठी थबकली.

तो उभा राहिला. मग वळला. मग येऊन आपल्या जागेवर बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

गोष्ट संपली. डबीनं विचारलं, पाठवायचं ना यान?

“पाठवा! आजच पाठवा!” व्यंकटराव ओरडले. गयाबाईनं दोन्ही हात जोडले. आणि रोशनशाची मान हलली… वर, खाली.

निलांबरीनं सुटकेचा श्वास टाकला. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिला आता बोलायची गरजच वाटेना.



“गोड सांगते तुझी डबी,” अखेर फकीर म्हणाला. “माझ्याहून गोड.”

“मग इजाजत?”

“तिची आई कुठं गेली?”

“कुणाची?”

“कुंभाराच्या पोरीची.”

निलांबरी जरा अडखळली. मूळ दास्तानीत पोर निघते तेव्हा आई उंबऱ्यावर बसून राहते. “जाऊ नको,” म्हणते, आणि अखेरपर्यंत तेच म्हणत राहते. पोर तिच्या पाया पडते आणि मागच्या दारानं निघून जाते. डबीच्या गोष्टीत आईनं लेकीला भाकर बांधून दिली होती आणि हसत म्हटलं होतं, जा.

“तिथं ऐकणाऱ्यांचे चेहरे पडत होते, बाबा. यंत्राच्या ते लक्षात आलं. त्यानं दुरुस्ती केली.”

“म्हणजे आईला ‘हो’ म्हणायला लावलं.”

“गोष्टीतली आई ती! कुणाचं काय बिघडलं?”

“अन् मी?” फकिरानं विचारलं. “मी बी गोष्टीतलाच का?”

निलांबरीनं डबी जवळ ओढली.

“मी उठलो हुतो, नीली. मला ऐकायचं नव्हतं. माझा मेलेला उस्ताद उठवला तुझ्या डबीनं, अन् मला बसवलं. मान हलली माझी… पर ती मी नाही हलवली.”

“तुम्हाला आवडली नाही का गोष्ट?”

“लई आवडली. त्याचाच राग आलाय.”

त्यानं काठीनं ओट्याखाली दाखवलं. “चपला बघ.”

चौघांच्या चपला ओट्याखाली होत्या, आणि चारही जोडांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती. तकियात आलेल्याच्या चपला फकीर स्वतःच्या हातानं अशा फिरवून ठेवी. निलांबरी ते लहानपणापासून बघत होती.

“कामून ठेवतो मी अशा?”

“लोकांनी लवकर घरी जावं म्हणून…” ती म्हणाली. लहानपणी या गोष्टीचा तिला राग यायचा. हा माणूस गोष्ट सांगायला बसवतो आणि आल्या आल्या वाट दाखवतो, असं तिला वाटे. एकदा तर ती घरी जाऊन रडली होती.

रोशनशा खो खो हसला. गयाबाईही हसली.

“अगं, ज्याला उठायचं त्याला चपला शोधत वाकायची बी लाज वाटू नये म्हणून. सरळ पाय घालावा अन् चालू पडावं. माझ्या उस्तादानं मला जिन दिले, परी दिल्या, सात आभाळं दिली, अन् कानून एकच दिला. उठून गेलेल्याला हाक नाही.” त्याचा आवाज चढला. “आज माझ्याच ओट्यावर मला हाक मारली. तुझ्या डबीला इजाजत? नाही! माझ्या मजारीवर माती पडली तरी नाही!”

आता मात्र निलांबरीचा तोल गेला.

“सोपं आहे तुम्हाला!” ती ताडकन उठली. “तुम्ही चिंचेखाली बसता! कुणी उठून गेलं तर तुमचं काय जातं? माझं यान जातंय, बाबा! पहिलं मुकं झालं तेव्हा लोक हसले. माझ्या बाबांना पोस्टात येऊन विचारायचे, काय मास्तर, लेकीचा पतंग कुठं अडकला? रविवारी खरं सांगितलं तर ‘नाही’ म्हणतील. मला ते ‘नाही’ नको आहे. मला यान उडवायचंय!”

“उडव की.”

“कसं?”

“सांग.”

“मी? मला कुठं सांगता येतं?”

“हे बघ बसलेत तिघं जण. तू सांग. तुझ्या तोंडानं.” फकिरानं पाठ भिंतीला टेकवली. “दास्तानीची इजाजत तुला देतो. डबीला नाही. अन् कानून पाळायचा.”

तिनं डबीकडे पाहिलं. डबीचा डोळा उघडाच होता, आणि आता तो तिचाच चेहरा वाचत होता. तिला कसंसंच झालं. तिनं डोळ्यावर तळवा ठेवला, डबी बंद केली आणि पिशवीत टाकली.

मग ती सांगू लागली.

वाईट सांगितलं. वाईट म्हणजे फारच वाईट. पहिल्या आभाळानंतर एकदम चौथं आलं, मग तिला दुसरं आठवलं. कुंभाराच्या पोरीचा रांजण कुठं ठेवला ते ती विसरली. मुका तारा आणि मुकं यान यांची पार खिचडी झाली. आई मात्र तिनं उंबऱ्यावर बसवली, आणि बसवली ती तशीच राहू दिली.

डबी बंद होताच व्यंकटराव हळूहळू भानावर येत होते. आईपाशी गोष्ट आली तसे ते उठले.

“मघाशी काय बोललो ते धरू नका,” ते म्हणाले. “माझं ‘नाही’. नळाला पाणी येऊ द्या, मग शनीचं बघू.”

त्यांनी चपलांत पाय सरकवले आणि गावाकडे चालू लागले.

“व्यं…” निलांबरीच्या ओठांवर हाक आली. ती तिनं दातांखाली धरली. व्यंकटरावांची पाठ लहान होत गेली. एक मत चाललं होतं, डोळ्यांदेखत. तिला हुंदका आला, राग आला, पण तिनं हाक मारली नाही.

“पुढं सांग,” गयाबाई म्हणाली.

“पुढं काय, मावशी… पहिलं यान मुकं झालं. आता दुसरं जाईल.”

“ते बी मुकं हुईल का?”

फकिरानं डोळे मिटले होते. निलांबरीला ठाऊक होतं, इथं डबीनं काय सांगितलं असतं. गयाबाईचा चेहरा कसा खुलला असता तेही ठाऊक होतं.

“होऊ शकतं,” ती म्हणाली.

“अगं माय! मग कामून पाठवतीस?”

“कामून म्हणजे?” निलांबरीची संस्थेतली भाषा कुठच्या कुठं गेली. “पहिलं कामून मुकं झालं ते हितं बसून कळंल का मावशी? त्याला झालं काय, हे कुनी इचारायचं? लोक हसतेत म्हणून नाही इचारायचं? म्या इचारनार! दुसरं मुकं झालं तर तिसरं बांधीन. हसा म्हणावं. हसून हसून दात पडले तरी बांधीन!”

शेवटी शेवटी ती ओरडतच होती. चिंचेवरचे कावळे उडाले.

गयाबाईनं एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. सावकाश चावले.

“माझा नातू तुझ्यासारखाच हाय,” ती म्हणाली. “घड्याळ खोलून बसतो. मार खातो, अन् पुन्हा खोलतो… डबीनं पुसलं तवा म्या हात जोडले, ते कशाला जोडले मला ठावं नाही. हे आता म्या माझ्या मनानं सांगते. पाठव.”

निलांबरीनं डोळे पुसले. डबीनं मिळवलेले इतके ‘हो’ तिनं पाहिले होते. त्यांतल्या एकानंही तिला रडवलं नव्हतं.

“रविवारी यंत्र बोलणार नाही,” ती फकिराला म्हणाली. “मी बोलणार. जसं येईल तसं. संस्थेतले कपाळावर हात मारून घेतील, घेऊ देत. मला काढून टाकतील, टाकू देत.”

“अन् हरलीस तर?”

“तर यान खोलतील. पण मी तिथं उभी राहणार, बाबा. माझ्या डोळ्यांसमोर खोलावं लागेल त्यांना. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगायला लागेन.”

फकिरानं मान डोलावली. या खेपेला ती त्यानं स्वतः डोलावली होती.

“दास्तान तुझी,” तो म्हणाला. “सांग कुठं बी. इजाजत हाय.”

ती त्याच्या पाया पडली. उठताना तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं, लहानपणी पुढं बसणाऱ्या पोरीचं असायचं तसं.

“मग रविवारी तुमचं ‘हो’ धरू ना, बाबा?”

“नाही.”

“…म्हणजे?”

“माझं ‘नाही’.”

“थट्टा करताय.”

“थट्टा कशाची? माणसानं वरच्या कारभारात लुडबुड करू नये, असं मला वाटतं. पहिल्यापासून वाटतं. तू पटवायला बघितलंस, मला पटलं नाही.”

“अहो, जन्मभर आभाळाच्या गोष्टी सांगितल्यात तुम्ही! त्या ऐकूनच तर मी…” तिचा आवाज फाटला. “सगळ्या जगाचं ‘नाही’ सोसेन, बाबा. तुमचं कसं सोसू?”

रोशनशा काठी टेकत ओट्यावरून खाली उतरला. तिच्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर तिळाएवढीही माया दिसत नव्हती, आणि आवाजात मात्र ती ओसंडत होती.

“सोसायचं कशाला? संगं घेऊन जा, बेटा. वर कुनी भेटलं, अन् पुसलं की पोरी कुठून आलीस… तर काय सांगशील? नंदीबैलांच्या गावातून आले म्हणून?”